अर्ध्यावर अडलेला टप

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी मी एक जुनी, उघड्या टपाची गाडी विकत घेतली. गाडी 2008 सालची, दोन दारांची; बटण दाबले की तिचा पोलादी टप तीन तुकड्यांत दुमडून डिकीत जाऊन बसावा अशी रचना. हा टप उघडायला लागून अर्ध्यावर अडतो, हे विकणाऱ्याने जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले होते. गाडी कोणत्या कंपनीची हे मी येथे लिहीत नाही, कारण असा बिघाड एका कंपनीचा नसतो. पंधरा-वीस वर्षांच्या जवळपास कोणत्याही स्वयंचलित टपात तो येऊ शकतो, आणि त्याचे कारण शोधण्याची रीतही सगळीकडे साधारण सारखीच आहे.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. गेली नऊ वर्षे जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगनमध्ये राहतो आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करतो. अशा माणसाला गाडीतले सगळे कळत असणार असा घरच्यांचा समज आहे; प्रत्यक्षात मला जे कळते ते संगणकाच्या पडद्यावर कळते, आणि पाना हातात घ्यायची वेळ माझ्यावर क्वचितच आलेली होती. टप उघडा टाकून फिरण्याची हौस मात्र जुनी होती. ब्योब्लिंगनहून ट्युबिंगनकडे जाणारा रस्ता शोनबुखच्या जंगलातून जातो, जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि त्या रस्त्याने बंद गाडीतून जाताना दर वेळी काहीतरी वाया जात आहे असे वाटे.

अशा गाड्यांचे भाव हिवाळ्यात उतरतात, म्हणून शोध जानेवारीत सुरू केला. त्यात पहिली ठेच एका विक्रेत्याच्या आवारात लागली. गाडी चकचकीत होती, पण टप उघडून दाखवा म्हटल्यावर त्याने सांगितले की इतक्या थंडीत टप उघडत नाही, यंत्रणा स्वतःच नकार देते. हे अर्धे खरे आहे. फार कमी तापमानात टप हलू नये अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते. पण त्या दिवशी बाहेर चार अंश होते आणि गाडी रात्रभर शेडमध्ये उभी होती. मी फारच आग्रह धरला तेव्हा दुसरी गोष्ट उघड झाली: ही गाडी तो फक्त व्यापाऱ्याला किंवा निर्यातीसाठी विकणार होता. जर्मनीत व्यावसायिक विक्रेत्याला सामान्य ग्राहकाशी करार करताना दोषांची जबाबदारी पूर्णपणे झटकता येत नाही. जुन्या वस्तूसाठी ती फार तर एका वर्षापर्यंत खाली आणता येते. व्यापाऱ्याला विकताना ही अडचण नसते. तेव्हा एखादा दुकानदार एखादी जुनी गाडी तुम्हाला विकायलाच तयार नसेल, तर त्याला त्या गाडीबद्दल काय माहीत असेल याचा अंदाज करता येतो.

त्यानंतर मी उलटे ठरवले. टप चालतो असे सांगून विकल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा, तो चालत नाही असे मोकळेपणाने सांगून विकली जाणारी गाडी पाहावी. किमतीतला फरकही मोठा होता. त्याच वर्षाच्या चांगल्या गाड्या साडेसहा हजार युरोच्या आसपास होत्या. मला सापडलेली गाडी 4,600 युरोला होती. मधल्या या 1,900 युरोंत बिघाडाची किंमत किती आणि लोकांच्या भीतीची किती, एवढाच प्रश्न सोडवायचा होता.

त्यासाठी आधी टप कसा चालतो हे समजून घ्यावे लागले. एक विजेची मोटार तेलाचा पंप फिरवते. पंपातून दाबाखालचे तेल बारीक नळ्यांमधून सिलिंडरांमध्ये जाते, आणि ते सिलिंडर टपाचे तुकडे, डिकीचे झाकण आणि पुढच्या काचेच्या चौकटीवरचे कुलूप हलवतात. हे झाले बळाचे काम. पण क्रम चुकला तर पोलाद पोलादावर आपटेल, म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकेक स्विच किंवा सेन्सर बसवलेला असतो: काचा खाली गेल्या, डिकीचे झाकण मागे उघडले, पुढचे कुलूप सुटले, पहिला तुकडा बसला. नियंत्रक पेटी प्रत्येक होकाराची वाट पाहते आणि एकही होकार आला नाही की जिथल्या तिथे थांबते. हे गणित नवे नाही. पोलादी टप डिकीत घालण्याची युक्ती प्यूजोने 1930च्या दशकातच, जॉर्ज पोलँ या मूळच्या दंतवैद्याच्या कल्पनेवरून बाजारात आणली होती. आणि फोर्डने 1957 ते 1959 या काळात काढलेल्या स्कायलायनर गाडीत तेलाचा पंप नव्हता, सगळे काम विजेच्या मोटारी करीत, तरी त्या टपाला 10 लिमिट स्विच आणि सुमारे 600 फूट वायर लागत असे. टप बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पोलादाला काहीच झालेले नसते, एखादा होकार वाटेत हरवलेला असतो.

ज्या मेकॅनिकला मी बरोबर नेले तो एका लहान गॅरेजचा तुर्की वंशाचा मालक. या कामाचे त्याने 120 युरो घेतले आणि ते या सगळ्या व्यवहारातले सर्वांत चांगले खर्च झालेले पैसे होत. जाण्याआधी त्याने फोनवर मला चार गोष्टी विचारायला लावल्या. बटण दाबल्यावर पंपाचा आवाज येतो का? अजिबात येत नसेल तर फ्यूज, रिले, किंवा सुरुवातीची एखादी अट अपुरी असणार. आवाज येतो पण काहीच हलत नसेल तर तेल कमी, आत हवा, किंवा झडप अडकलेली. टप दर वेळी वेगवेगळ्या जागी आणि रेंगाळत थांबत असेल तर दाब कमी किंवा बॅटरी दुबळी. दर वेळी अगदी त्याच जागी थांबत असेल तर त्या जागेचा सेन्सर किंवा त्याची वायर. विकणाऱ्याने उत्तर दिले: आवाज येतो, आणि डिकीचे झाकण अर्धे उघडले की तेथेच थांबतो, दोन वर्षे हेच चालले आहे. मेकॅनिक एवढेच म्हणाला, "मग येतो मी."

विकणारे गृहस्थ साठीचे, निवृत्त, अत्यंत टापटीपीचे. सर्व्हिसची वही, दोन्ही किल्ल्या, दर दोन वर्षांनी होणाऱ्या तांत्रिक तपासणीचे कागद, सगळे टेबलावर मांडून ठेवलेले. (ही तपासणी ब्रेक, दिवे, गंज, धूर यांच्यासाठी उपयोगाची, टपाच्या यंत्रणेची हमी तिच्यावरून कोणी धरू नये.) त्यांनी ब्रँडच्या अधिकृत वर्कशॉपकडून आणलेला अंदाजही दाखवला: पंप आणि सगळे सिलिंडर बदलून 3,400 युरो. हा आकडा ऐकून आधीची तीन गिऱ्हाइके परत गेली होती.

मेकॅनिकने आधी साध्या गोष्टी पाहिल्या. डिकीत सामान आणि टप यांच्यामध्ये एक गुंडाळीचा पडदा असतो. तो ओढून अडकवला नसेल तर आत सामान आहे असे समजून टप हलतच नाही, आणि केवळ त्या पडद्यापायी गॅरेज गाठणारे लोक आहेत म्हणे. आमचा पडदा नीट होता. मग त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीचा व्होल्टेज पाहिला, डिकीच्या बाजूचे आवरण काढून तेलाची पातळी पाहिली आणि स्वतःचे यंत्र जोडून टपाच्या नियंत्रक पेटीतले दोष वाचले. येथे एक सांगायला हवे: बाजारात मिळणारी स्वस्त ओबीडी यंत्रे (गाडीला जोडून तिच्यात नोंदलेले दोष वाचणारी साधने) मुख्यतः इंजिन आणि धुराशी संबंधित दोष दाखवतात, टपाच्या पेटीपर्यंत पोहोचायला त्या गाडीची भाषा जाणणारे यंत्र लागते. मी माझे चाळीस युरोचे यंत्र बरोबर नेले होते. ते खिशातच राहिले.

पेटीत डिकीच्या झाकणाच्या सेन्सरचा दोष नोंदलेला होता. मेकॅनिकने झाकणाच्या बिजागरीपाशी वायरी झाकणारी रबराची नळी असते ती मुठीत धरली, थोडी आत ढकलली आणि मालकांना बटण दाबायला सांगितले. झाकण उघडले, नेहमीच्या जागेपाशी आले, क्षणभर थांबल्यासारखे झाले आणि पुढे गेले. टप उचलला गेला, तुकडे एकावर एक बसले, झाकण मिटले. दोन वर्षांनी त्या गाडीत वरून ऊन आले. झाकण हजारो वेळा उघडून मिटून आतली एक वायर तुटली होती आणि ठरावीक कोनात तिची टोके एकमेकांना सोडत होती.

आता अडचण अशी की हे सगळे मालकांच्या डोळ्यांसमोर झाले होते. दोष खरेदीच्या आधी शोधला तर तो विकणाऱ्यालाही कळतो, आणि मग घासाघिशीचा आधारच निसटतो. माझ्या एका पुण्याच्या मित्राचे अजूनही मत आहे की मी तोंड बंद ठेवून आधी गाडी घ्यायला हवी होती. मला ते पटत नाही. ती वायर सापडली नसती तर तिचे पैसे मी कसे मोजणार होतो? मालकांनीही भाव वाढवला नाही, फक्त आता एक पैसाही कमी करणार नाही असे सांगितले. तेवढ्यात मेकॅनिकने चालकाच्या डोक्यावरच्या अस्तरावर, पुढच्या कुलपाजवळ, रुपयाएवढा तेलाचा डाग दाखवला. त्या कुलपाच्या लहान सिलिंडरचे ऑइल सील गेले होते आणि आज ना उद्या ते तेल चालकाच्या कपाळावर टपकणार होते. हा दोष मालकांना खरोखरच माहीत नव्हता.

शेवटची परीक्षा माझी होती, आणि ती मला वडिलांनी सुचवली होती. कोकणात आगोटीपूर्वी कौले फेरली जातात आणि पन्हळी मोकळ्या केल्या जातात. त्यामुळे अशी गाडी म्हटल्यावर त्यांनी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न टप उघडण्याबद्दल नव्हता. "अरे, पाणी जातं कुठून ते बघ आधी," असे ते म्हणाले. मी दोन बादल्या पाणी मिटलेल्या टपावर हळूहळू ओतले. या गाड्यांत सांध्यांखाली बारीक पन्हळी असतात आणि त्यांतले पाणी नळ्यांवाटे चाकांजवळ उतरते. पाने साचून त्या तुंबल्या की पाणी डिकीत शिरते आणि पंप किंवा नियंत्रक पेटीच भिजते. तसे झाले असते तर 3,400 युरोचा अंदाजही अपुरा पडला असता. पाणी दोन्ही बाजूंनी जमिनीवर आले. डिकीतला गालिचा उचलून खाली हात फिरवला तो कोरडा होता.

व्यवहार 3,900 युरोला ठरला. करारासाठी आम्ही जर्मन मोटार क्लबचा छापील नमुना वापरला. खासगी विक्रेत्याला येथे दोषांची जबाबदारी नाकारता येते, मात्र जाणूनबुजून लपवलेल्या दोषातून तो सुटत नाही. आणि जो दोष करार करतानाच खरेदीदाराला ठाऊक आहे त्याबद्दल त्याला पुढे तक्रार करता येत नाही. म्हणजे तुटलेली वायर आणि गळके सील आम्ही करारात लिहिले ते मालकांच्या रक्षणासाठी. माझ्या रक्षणासाठी मी दोन वाक्ये घालून घेतली: त्यांच्या मालकीच्या काळात गाडीला अपघात झालेला नाही, आणि डिकीत कधी पाणी शिरलेले नाही. ते दुसरे वाक्य लिहिताना ते थोडा वेळ थांबले, पत्नीला विचारून आले आणि मग त्यांनी सही केली. ते थांबणे मला आवडले.

नोंदणीचे काम सरळ होते. मालकीची आणि नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रे, विम्याचा क्रमांक, ओळखपत्र, वाहनकर बँकेतून कापून घेण्याची संमती, एवढे घेऊन गेल्यावर अर्ध्या तासात क्रमांक मिळाला. मी हंगामी पाटी घेतली. तिच्या उजव्या टोकाला 04 आणि 10 असे आकडे असतात. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच काळ गाडी रस्त्यावर, कर आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या काळात ती सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, त्यामुळे स्वतःची जागा हवी. फेब्रुवारीत गाडी आणण्यासाठी पाच दिवसांची तात्पुरती पाटी काढली आणि गाडी थेट मेकॅनिकच्या आवारात नेऊन उभी केली.

दुरुस्तीला मार्च गेला. मेकॅनिकने एकच वायर न जोडता बिजागरीतून जाणाऱ्या सगळ्या वायरींचा तेवढा तुकडा लवचीक वायरीने बदलला, 260 युरो. कुलपाचा सिलिंडर काढून नवे सील बसवणाऱ्या एका कारागिराकडे टपालाने पाठवला, 180 युरो. काढणे-बसवणे 220 आणि तेल 40. गाडीची किंमत आणि पहिली तपासणी धरून एकूण 4,720 युरो झाले. सिलिंडर टपालात असताना टप हाताने मिटवावा लागला. पंपावरचा एक स्क्रू सैल केला की दाब सुटतो आणि मग दोन माणसांनी दोन्हीकडून तुकडे उचलायचे. हे एकट्याने करू नये. दाब सुटल्यावर त्या पोलादाला धरून ठेवणारे दुसरे काहीच नसते, आणि बोट सांध्यात असेल तर ते तसेच राहते.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी शोनबुखमधून गेलो आणि अर्ध्या वाटेत गारांचा पाऊस आला. रस्त्याच्या कडेला थांबून बटण दाबले. टप मिटायला पंचवीस-तीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात मांडीवर बऱ्यापैकी गारा जमल्या. झाकण बिजागरीच्या त्या जागेपाशी आले तेव्हा मी श्वास रोखला होता, पण ते थांबले नाही. डाव्या मागच्या काचेच्या कोपऱ्यातून जोराच्या पावसात अजून दोन-चार थेंब येतात. त्या रबराचे 310 युरो सांगितले आहेत; तूर्त तेथे मी एक जुना पंचा ठेवला आहे.