अडकलेलं बिल आणि एका पानाचं पत्र

माल गेला ३ जूनला, पैसे आले १८ नोव्हेंबरला. मधल्या साडेपाच महिन्यांत मी सहा पत्रं लिहिली. आज त्यातली पहिली पाच वाचली की राग येतो, त्या कंपनीचा आणि माझ्या पत्रांचाही.

भोसरी एमआयडीसीत आमचं टर्निंगचं, म्हणजे लेथवरच्या कामाचं, छोटं वर्कशॉप आहे. मशीनवर हे असतात, ऑफिस मी बघते. कोटेशन, पीओ (गिऱ्हाइकाची खरेदी ऑर्डर), चलन (मालासोबत जाणारा कागद), बिल, रिटर्न सगळं माझ्याकडे. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला आम्ही ४८० बुश, म्हणजे यंत्रात बसणारे धातूचे पोकळ गोल भाग, पाठवले. ६४५ रुपये नग, म्हणजे ३,०९,६०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एकूण बिल ३,६५,३२८ रुपयांचं. पीओवर मुदत ४५ दिवसांची होती, ती १८ जुलैला संपली. २० जुलैच्या रिटर्नमध्ये या बिलाचा ५५,७२८ रुपयांचा जीएसटी आम्ही दाखवूनही टाकला. सरकार आमचे पैसे येईपर्यंत थांबत नाही. बार मटेरियलवाला आणि प्लेटिंगवालाही थांबत नाहीत.

पहिला मेल २२ जुलैला केला. विषयाच्या जागी फक्त 'पेमेंट रिमाइंडर'. आत आमचे किती वर्षांचे संबंध, आम्ही किती लहान, हे दोन परिच्छेद, आणि बिल नंबर पार शेवटच्या ओळीत. उत्तर आलं, 'विल चेक अँड रिव्हर्ट'. त्यानंतर काही नाही. फोन केला की परचेसवाले म्हणायचे, "मॅडम, अकाउंट्सला विचारा." अकाउंट्सवाले म्हणायचे, "तुमचं बिल सिस्टीमला पार्क आहे."

या 'पार्क'नं माझा दीड महिना खाल्ला. मला वाटलं बिल रांगेत उभं आहे, नंबर आला की निघेल. तसं नसतं. मोठ्या कंपनीत तीन कागद एकमेकांशी जुळावे लागतात: त्यांची पीओ, त्यांच्या स्टोअरनं केलेला जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, आणि आपलं बिल. तिन्हीकडचे नग आणि दर जुळले तर बिल पुढे सरकतं. एक आकडा चुकला की सिस्टीम ते बाजूला ठेवते, आणि कोणी हात लावेपर्यंत ते तिथेच राहतं. रांग वगैरे नसतेच. तेव्हा तुम्हाला कोणी 'पार्क' म्हणालं तर त्याच फोनवर विचारा, "काय जुळत नाहीये?" मी विचारलं नाही. 'ठीक आहे सर, जरा लवकर बघा' म्हणून फोन ठेवत राहिले.

ऑगस्टमध्ये माझा संयम संपला. चौथ्या मेलमध्ये कायदा काढला. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत कितीही ठरवली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे सगळं खरं आहे, आणि आपला हक्कच आहे. पण मी ते बिल कुठे अडलंय हे न शोधता लिहिलं. मेल अकाउंट्समधून थेट त्यांच्या लीगलकडे गेला. लीगलनं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, मागितलं, मग पीओची प्रत मागितली, आणि यात आणखी तीन आठवडे गेले. जो माणूस दोन मिनिटांत आकडा दुरुस्त करू शकला असता, त्याच्यापर्यंत माझा एकही शब्द पोचला नव्हता.

फोनचा आणखी एक धडा. ज्या दिवशी बोलणं झालं त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकायचा: 'आज ११ वाजता आपलं बोलणं झालं, आपण अमुक करणार आहात.' मी हे सप्टेंबरमध्ये सुरू केलं. त्याआधीच्या फोनांचा माझ्याकडे काहीच पुरावा नाही.

शेवटी ऑक्टोबरअखेर मी स्वतः चाकणला गेले. गेटवर पास मिळेना. दीड तास बाकावर बसले. मग स्टोअरचे एक काका फाइल घेऊन बाहेर आले, माझ्या शेजारी बसले आणि आमच्या चलनाची त्यांची प्रत काढली. गेटच्या आवकचा गोल शिक्का नेमका नगांच्या रकान्यावर बसला होता. इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या ४८० मधल्या आठाच्या डाव्या बाजूवरून जांभळी शाई पसरली होती आणि तो आकडा तीन दिसत होता. एन्ट्री करणाऱ्यानं जीआरएन ४३० चा केला होता. माल मात्र ४८० नग मोजून रॅकवर लागला होता आणि वापरूनही झाला होता! काका म्हणाले, "ताई, हे मला माहीतच नव्हतं. तुमचं लेखी द्या, परचेसची सही झाली की मी लगेच बदलतो."

पाच महिन्यांत एवढंच कोणी सांगितलं नव्हतं. आणि मीही पाच पत्रांत एवढं कधी विचारलं नव्हतं.

घरी येऊन सहावं पत्र लिहायला बसले तेव्हा वडिलांची आठवण झाली. ते सरकारी ऑफिसात कारकून होते. त्यांच्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक, विषय आणि संदर्भ असायचे. म्हणायचे, "साहेबानं विषय वाचला की त्याला फाइल मागवता आली पाहिजे." मेल लिहिताना आपण हे सोडून दिलंय. मी तसंच लिहिलं. विषय: 'बिल क्र. ३१२, जीआरएनमधील नग ४३० ऐवजी ४८० करणेबाबत.' संदर्भात पीओ, चलन आणि जीआरएनचे नंबर, तारखांसह. खाली चार ओळींचा तक्ता: पीओ ४८०, चलन ४८०, बिल ४८०, जीआरएन ४३०. मग एकच विनंती, स्टोअरनं जीआरएन दुरुस्त करावा आणि परचेसनं त्याला मंजुरी द्यावी, १४ नोव्हेंबरपर्यंत. 'लवकरात लवकर' लिहिलं नाही, ती कोणाच्याच कॅलेंडरमधली तारीख नाही. कायद्याची एक ओळ शेवटी ठेवली, मुदत १८ जुलैला संपली आहे आणि व्याजाचा हक्क राखून ठेवला आहे, इतकीच. सोबत आमच्याकडची स्वच्छ चलनाची प्रत आणि काटा पावती. पूर्ण पत्र एका पानात बसलं.

जुन्या मेलला रिप्लाय केला नाही, नवा पाठवला. आधीच्या साखळीत सोळा माणसं होती आणि प्रत्येकाला वाटत होतं दुसरा बघेल. या वेळी 'टू'मध्ये स्टोअर आणि परचेसचे दोघंच, अकाउंट्स फक्त सीसीमध्ये. स्कॅनच्या फाइलला 'चलन ३१२, नग ४८०' असं नाव दिलं. पूर्वी मी 'स्कॅन ००७' अशा नावाच्या फाइली पाठवायचे, त्या उघडायच्या कोणी आणि का?

७ नोव्हेंबरला कागदी प्रतही चाकणला नेऊन दिली आणि आमच्या प्रतीवर पोच घेतली, तारीख आणि सहीसकट. ११ तारखेला जीआरएन दुरुस्त झाला, १८ ला दुपारी बँकेचा मेसेज आला. मी तो वर्कशॉपमध्ये जाऊन यांना दाखवला. लेथ बंद करून त्यांनी आकडा दोनदा वाचला. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही.

त्याच आठवड्यात नवं चलनबुक छापायला दिलं. त्यात नग आता अक्षरीही लिहायचे, 'चारशे ऐंशी फक्त', आणि शिक्क्यासाठी खाली उजव्या कोपऱ्यात रिकामी चौकट ठेवली आहे.