बातम्यांचा फळा

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फळा होता, वर सुविचार आणि खाली बातम्या, आठवतोय ना ही स्मरणिका वाचणाऱ्या सगळ्यांना? नववीत असताना, म्हणजे १९७९-८० ला, त्यावर बातम्या लिहायचं काम माझ्याकडे होतं, अक्षर बरं होतं आणि घरी रेडिओ होता म्हणून. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या ऐकायच्या, रफ वहीत उतरवायच्या, पळत शाळा गाठायची आणि प्रार्थनेच्या आत चार-पाच ओळी लिहून हात झटकायचे.

डिसेंबर संपत आला होता. त्या दिवशी मी पहिली ओळ लिहिली की अफगाण सरकारच्या विनंतीवरून रशियन फौजा काबूलमध्ये दाखल. मग कानपूरच्या पाकिस्तानविरुद्धच्या टेस्टचा स्कोअर, आणि त्याखाली, अफगाणिस्तानचे अध्यक्ष अमीन ठार. इतिहासाचे सर मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही.

"हे वरचं आणि खालचं एकाच देशाचं ना रे?"

"हो सर."

"मग बोलावलं कोणी?"

"सरकारने, सर."

"सरकार म्हणजे हा अमीनच ना? मग ज्याने बोलावलं त्यालाच मारलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी माझ्या हातातला खडू घेतला, दोन्ही ओळींना गोल केले आणि स्कोअरवरून एक रेघ ओढून ते जोडले, आणि तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली.

त्या आठवड्यात सरांनी पोर्शन बाजूला ठेवून आम्हाला अफगाणिस्तान शिकवला. फळ्यावर नकाशा, वर रशियाच्या सरहद्दीवरची अमू दर्या नदी, पश्चिमेला हेरात, दक्षिणेला कंदाहार. एप्रिल १९७८ मध्ये तिथल्या कम्युनिस्टांनी दाऊद खानला मारून सत्ता घेतली, त्यांच्यातच खल्क आणि परचम असे दोन गट, जमिनीचे आणि इतर कायदे बंदुकीच्या जोरावर लादायला लागले तशी खेडी पेटली, म्हणजे भांडण घरातलंच होतं. सर हे सगळं सांगत होते पण त्यांना त्रास होत होता हे आम्हाला दिसत होतं, कारण सरांना रशियाबद्दल मनापासून माया होती. ७१ ला अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. आमच्या निम्म्या वह्यांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची, गव्हाची शेतं आणि हसरी माणसं. सरांनी पहिल्या बाकावरची तशी एक वही उचलली, कव्हरकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, मित्र चुकला तर चुकला म्हणायचं. त्याच जानेवारीत परकी फौजा अफगाणिस्तानातून काढा या ठरावावर युनोत मतदान झालं आणि आपला देश तटस्थ राहिला. तेव्हा सर वर्गात काही बोलले नाहीत, पण त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मला तर आजही पटत नाही.

पुढे सोविएत युनियन मोडल्यावर तिथली गुप्त कागदपत्रं बाहेर आली, ती मी मिळेल तशी वाचत गेलो आणि सरांचा प्रश्न डोक्यातून गेलाच नाही. मार्च १९७९ मध्ये हेरातमध्ये उठाव झाला, सैन्याची तुकडीसुद्धा लोकांना मिळाली, तेव्हा तिथला नेता तराकी फोनवर सोविएत पंतप्रधान कोसिगिन यांना अक्षरशः विनवत होता की फौज पाठवा, तुमचे ताजिक आणि उझबेक सैनिक आमच्या गणवेशात पाठवा, कोणी ओळखणार नाही. कोसिगिननी हो म्हटलं नाही. दोनच दिवसांनी मॉस्कोत त्याला समोर बसवून सांगितलं की आमची फौज आली तर तिला तुमच्याच लोकांशी लढावं लागेल. म्हणजे माहिती होतं हो त्यांना! सगळं माहिती होतं! आणि नऊ महिन्यांत त्यांचीच फौज तिथे घुसली. मध्ये अमीनने तराकीला मारलं, मॉस्कोला वाटलं हा आता अमेरिकेकडे सरकतोय, आणि १२ डिसेंबरला मोजक्या चार लोकांनी निर्णय घेतला. २७ तारखेला अमीनच्या जेवणात विष गेलं, आणि याची कल्पना नसलेल्या सोविएत डॉक्टरांनीच त्याला वाचवलं, आणि त्याच संध्याकाळी सोविएत कमांडोंनी काबूलच्या ताजबेग महालात घुसून त्याला मारलं.

नंतरचं सगळ्यांना माहिती आहे. अमेरिकेने पाकिस्तानमार्फत मुजाहिदीनला, म्हणजे रशियन फौजांशी लढणाऱ्या अफगाण बंडखोरांना, पैसा आणि शस्त्रं ओतली, १९८६ पासून विमानं पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रं दिली. नऊ वर्षांत जवळपास १५ हजार सोविएत सैनिक गेले, अफगाण किती गेले त्याचे अंदाज १० लाखांपर्यंत आणि त्याच्याही वर जातात, ५० लाखांहून जास्त लोक पाकिस्तान आणि इराणमध्ये पळाले. १५ फेब्रुवारी १९८९ ला तिथल्या सोविएत फौजेचा सेनापती जनरल ग्रोमोव्ह अमू दर्यावरचा पूल चालत ओलांडून गेला, तो फोटो पेपरात आला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, सरांना पत्र टाकलं. त्यांचं उलट कार्ड आलं, एकच ओळ, "फौज गेली, बंदुका तिथेच आहेत." आणि तसंच झालं, ९२ ला रशियाच्या पाठिंब्यावर उभं राहिलेलं नजीबुल्लाचं सरकार पडल्यावर त्याच बंदुकांनी काबूल जाळलं.

आता हे सगळं स्मरणिकेत का लिहितोय. पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर काही वर्षं अफगाण विद्यार्थी भाड्याने राहायचे, पुण्यात तशी बरीच मुलं शिकायला यायची. त्यातला एक हेरातचा. ऑगस्ट २०२१ मध्ये, अमेरिका वीस वर्षांनी बाहेर पडत होती आणि काबूल पडलं, तेव्हा तो रात्री आमच्याकडे येऊन बसायचा, फोन हातात, घरचा कॉल लागतोय का बघत. बोलता बोलता त्याने सांगितलं की त्याचे आजोबा ७९ च्या मार्चमध्ये हेरातमध्ये बाजारात गेले ते परत आले नाहीत, आजी कित्येक वर्षं वाट बघत होती. मी उठून कपाटातून तराकी-कोसिगिनच्या त्या फोनच्या संभाषणाचं प्रिंटआउट काढलं. त्याने विचारलं, इसमें हेरात का नाम है? मी म्हटलं आहे, सगळं हेरातबद्दलच आहे. मग मी त्याला ते पहिल्यापासून हिंदीत वाचून दाखवलं, तराकी काय म्हणाला, कोसिगिन काय म्हणाले. तो फोन उलटा ठेवून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, काका, फिर से पढ़िए.