नववीतला मुलगा आणि स्टॉपवॉच

ठाण्यात नौपाड्यात मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते मी. बहुतेक मुलं शाळेने पाठवलेली असतात, दहावीच्या सवलतींसाठी. या मुलाला वडील घेऊन आले आणि त्याची केस अजून डोक्यातून जात नाहीये.

पहिलीत असताना मेड्युलोब्लास्टोमा झाला, लहान मेंदूतला कॅन्सर. ऑपरेशन, मग मेंदूला आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन, मग किमो, सगळं परळला टाटात. आता आजाराचा मागमूस नाही. तिथलं एसीटी (आफ्टर कम्प्लीशन ऑफ ट्रीटमेंट, म्हणजे उपचार संपल्यानंतरचं) क्लिनिक १९९१ पासून अशा बऱ्या झालेल्या मुलांचा फॉलोअप ठेवतं, त्यांनीच चाचणी करून घ्या म्हणून सांगितलं. शाळेचं म्हणणं मात्र, लाडावलेला आहे, लिहायचा कंटाळा करतो. आठ-आठ वर्षं एका मुलाला बघून हेच दिसत असेल तर कठीण आहे.

अशा मुलाची चाचणी सुरू करायच्या आधी मी ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आणि थायरॉइडचा रिपोर्ट मागते. किमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, स, श असे वर्ण निसटतात, आणि रेडिएशननंतर थायरॉइड मंदावलं असेल तरी मूल सुस्त दिसतं. हे न बघता काढलेल्या आयक्यूला काय अर्थ? त्याचे दोन्ही ठीक होते.

मग ठोकळे. चित्रातल्यासारखं डिझाईन ठरलेल्या वेळात जुळवायचं. स्टॉपवॉच संपलं, नियमाप्रमाणे मी शून्य लिहिलं, पण ठोकळे उचलले नाहीत. तो खाली मान घालून जुळवत राहिला आणि बरोबर जुळवलं. पुढचं पण तसंच. कोडिंगमध्ये दोन मिनिटांत आकड्यांखाली खुणा भरायच्या असतात, तिथे बरंच भरायचं राहिलं पण भरलेल्यात एक चूक नाही. वेळ संपल्यावर काय काय जमलं ते मी रिपोर्टमध्ये वेगळं लिहितेच, खरा मुलगा तिथे दिसतो.

वडिलांनी तिसरीतला जुना रिपोर्ट काढला, म्हणाले मॅडम आयक्यू घसरला, पोरगं मागे चाललंय. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. त्याची उत्तरं तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत, तो शिकतोय, पण आयक्यू वयाच्या मुलांशी तुलना करून निघतो आणि ती जास्त वेगाने पुढे जातायत. रेडिएशनचा मार मेंदूतल्या जोडणाऱ्या तंतूंना बसतो, जितकं लहान वय तितका जास्त, म्हणून तर तीन वर्षांखालच्या बाळांना डॉक्टर ते शक्यतो टाळतात. याच्या फाइलमध्ये मेंदू-कण्याचा डोस २३.४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) आहे, पूर्वी सरसकट ३६ असायचा. कमी केला तरी परिणाम राहतो, आणि तो दिसायला वर्षं जातात, तोवर सगळ्यांना वाटतं पोरगं सुटलं.

शाळा म्हणते सर्टिफिकेट आणा मग जास्तीचा वेळ देऊ. एलडीच्या (लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता) तपासणीत वाचन, स्पेलिंग, गणित बघतात, याचं वाचन छान आहे, मग एलडी नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, हा त्यातल्या कुठल्या खणात बसवायचा? मी लेटरहेडवर लिहून दिलं: पेपरला जादा वेळ, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील नोट्स, एकाच प्रकारची दहा गणितं न देता चार. गणिताच्या सरांनी कुठलाही कागद न मागता लगेच सुरू केलं, मुख्याध्यापिका अजून बोर्डाचं परिपत्रक शोधतायत.

चाचणी संपताना त्याने विचारलं, "मॅडम, मी आजारी पडायच्या आधी हुशार होतो ना?" मी म्हटलं, तू आत्ताही विचार नीट करतोस, वेळ लागतो, आणि तो का लागतो त्याला कारण आहे. कारण सांगा म्हणाला. वडिलांनी मान हलवून नको केलं.

ऑपरेशनचा व्रण रोज हाताला लागतो त्याच्या. पुढच्या भेटीत दोघांना एकत्र बसवून रेडिएशनचं सगळं सांगायचं मी ठरवलंय, वडिलांना आधी फोन करून. ते चिडतील बहुतेक. पण ढ म्हणवून घेत दहावीला बसण्यापेक्षा त्याला हे माहीत असलेलं मला हवंय.