फेटलिंगच्या रोबोटपासून उद्यमनगरच्या लेथपर्यंत : कोल्हापुरातील दोन दिवस

साताऱ्यातील आमच्या छोट्या मशीन शॉपसाठी रोबोट घ्यावा की नाही, यावर वर्षभर नुसती चर्चा चालली होती. माहितीपत्रकांतील चकचकीत छायाचित्रे पाहून निर्णय होईना, तेव्हा आम्ही तिघांनी कोल्हापूरला जाऊन प्रत्यक्ष चालू असलेली कामे पाहायचे ठरवले. फौंड्री (ओतकामाचे कारखाने), पॅटर्न म्हणजे साच्यासाठीचे नमुने बनवणारे, मशीनिंग करणारे आणि त्यांना यंत्रे पुरवणारे, असे सगळेच तेथे जवळजवळ भेटतात, त्यामुळे एका कास्टिंगचा, म्हणजे ओतीव नगाचा, वितळलेल्या लोखंडापासून तयार नगापर्यंतचा प्रवास दोन दिवसांत पाहून होतो.

साताऱ्याहून महामार्गाने येताना शिरोलीची औद्योगिक वसाहत पंचगंगेच्या अलीकडे लागते, तर गोकुळ शिरगावची वसाहत कोल्हापूर शहर ओलांडून कागलच्या वाटेवर आहे. हे लक्षात न घेता आम्ही पहिल्याच दिवशी दोन्ही टोकांच्या वेळा ठरवल्या आणि दुपार रस्त्यात घालवली. एक दिवस एकाच बाजूला द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये जाणे शक्यतो टाळावे, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ हा महामार्गच बंद झाला होता. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असेही गृहीत धरू नये. वेळ घेतानाच विचारून ठेवावे.

गोकुळ शिरगावात दोन सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथना एकच सहा-अक्षी रोबोट नग भरताना आणि काढताना पाहिला. त्यात नवल फारसे नव्हते, पण तेथील अभियंत्यांनी सांगितलेली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. ग्रे आयर्नची (ओतीव लोखंडाची) चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस, तुटक आणि बारीक पडते, त्यामुळे नग पकडणाऱ्या चकच्या जबड्यावर हवेचा झोत मारला की पुढचा नग नीट बसतो. स्टीलची लांब, गुंडाळणारी चिप असेल तर माणूस आकड्याने ती ओढून काढतो आणि रोबोटला ते जमत नाही. आमचे निम्मे काम स्टीलचे आहे. माहितीपत्रकात हा मुद्दा आम्हाला कोठेही सापडला नव्हता.

खरा वेळ गेला तो शिरोलीतील एका फौंड्रीत. तेथे फेटलिंगसाठी, म्हणजे कास्टिंगवरील फिन (साच्याच्या सांध्यात आलेली पातळ कड) आणि रायझरचे (जादा धातू पुरवणाऱ्या भागाचे) उरलेले खुंट घासून काढण्यासाठी, रोबोट बसवला आहे. फेटलिंग हे फौंड्रीतील सर्वांत नकोसे काम असते. वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते, ग्राइंडरच्या कंपनाने बोटे बधिर होतात आणि या कामाला माणसे टिकत नाहीत, म्हणून रोबोट येथेच आधी यावा हे स्वाभाविक आहे. (१९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागलेला युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोटही डाय-कास्टिंगचे गरम नगच उचलत असे.) मात्र सुरुवातीचे काही महिने शिरोलीतील हा रोबोट बहुतेक वेळ उभाच होता, असे तेथील व्यवस्थापकांनी मोकळेपणाने सांगितले.

कारण साधे होते. रोबोट तीच वाट मिलिमीटरच्या अंशाइतक्या अचूकतेने पुन्हा पुन्हा चालतो, पण वाळूच्या साच्यातून आलेले प्रत्येक कास्टिंग तसेच नसते. साच्याचे दोन भाग किंचित सरकले, पॅटर्न झिजला किंवा कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) हलला, की फिनची जाडी आणि जागा बदलते; मग ग्राइंडर एका नगावर हवेतच फिरतो आणि दुसऱ्या नगात घुसून मूळ अंग खातो. कामगार ठिणगी पाहून, हाताला लागणाऱ्या दाबावरून हे सहज सावरून घेतो. रोबोटला त्यासाठी दाब मोजणारा सेन्सर आणि ग्राइंडर फिरवणारा, थोडा दबणारा स्पिंडल द्यावा लागला, आणि तरीही प्रश्न अर्धाच सुटला. उरलेला अर्धा सुटला तो मोल्डिंग विभागात: वाळूतील ओलावा आणि घट्टपणा यांची प्रत्येक पाळीत नोंद सुरू झाली, मोल्डिंग बॉक्सच्या झिजलेल्या पिना आणि बुश बदलले गेले, तेव्हा रोबोटकडे येणारे नग एकसारखे होऊ लागले.

दुसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरातील एका जुन्या कारखान्यात गेलो. तेथे रोबोट नाही, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी भेट हीच ठरली. मालकांच्या अभियंता सूनबाईंनी, ज्यांना सगळे कामगार वहिनी म्हणतात, प्रत्येक लेथच्या मुख्य मोटरच्या वायरीभोवती विद्युतप्रवाह मोजणारा चिमट्यासारखा सेन्सर बसवला आहे. मोटर रिकामी फिरताना कमी आणि कटिंग चालू असताना जास्त प्रवाह घेते, एवढ्यावरून यंत्र कामात होते की नुसतेच चालू होते, हे कळते. पहिल्या आठवड्यात यंत्रे कामासाठी जुळवणाऱ्या जुन्या सेटरनी "वहिनी, हे माझ्यावर पाळत ठेवायला बसीवलंय व्हय?" असे विचारले होते. नोंदींतून निघाले ते वेगळेच: यंत्र थांबत होते ते क्रेनची आणि पहिल्या नगाच्या तपासणीची वाट पाहत. वहिनींनी फळ्यावर एक हिशेब करून दाखवला. यंत्राची उपलब्धता ९० टक्के, अपेक्षित वेगाच्या तुलनेत प्रत्यक्ष वेग ८५ टक्के आणि चांगले नग ९५ टक्के, असे सगळे आकडे ऐकायला बरे वाटतात. गुणाकार केला की परिणामकारकता सुमारे ७३ टक्केच उरते.

जाणाऱ्यांनी सेफ्टी शूज स्वतःचे न्यावेत. आमच्यापैकी एकजण चपलांवर आल्यामुळे मेल्टिंगच्या दाराशीच थांबला, आणि ते योग्यच झाले, कारण भट्टीजवळ सुमारे १४०० अंश सेल्सिअसचे लोखंड लॅडलमधून (ओतण्याच्या भांड्यातून) फिरत असते. छायाचित्रांची परवानगी आधी मागावी. ग्राहकांचे नग बहुतेक ठिकाणी गुप्त असतात. शक्य असल्यास आपल्याच नगाचे ड्रॉइंग आणि एकाच हीटमधील (भट्टीच्या एका घाण्यातील) चार-पाच कास्टिंग सोबत न्यावीत, म्हणजे बोलणे हवेत राहत नाही. रोबोट किती वेगवान आहे हे विचारण्यापेक्षा तो गेल्या महिन्यात कितीदा आणि कशाने थांबला, नग बदलताना ग्रिपर (रोबोटचा पंजा) आणि फिक्स्चर (नग धरून ठेवणारी चौकट) बदलायला किती वेळ लागतो, प्रोग्राममध्ये दुरुस्ती कारखान्यातील कोण करते, हे विचारावे. खर्च विचारताना केवळ रोबोटच्या हाताची किंमत ऐकू नये. ग्रिपर, फिक्स्चर, कुंपण, धूळ ओढणारी यंत्रणा आणि चाचणीचे नग धरून संपूर्ण सेलचा, म्हणजे रोबोटसह सगळ्या मांडणीचा, आकडा घ्यावा. माणसाशेजारी काम करणाऱ्या कोबॉटला कुंपण लागत नाही, असे एका विक्रेत्याने आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते. हातात ग्राइंडर किंवा धारदार नग असेल तर हे खरे नाही. औद्योगिक रोबोटच्या सुरक्षेच्या आयएसओ १०२१८ या मानकानुसार हत्यार आणि नग धरून पूर्ण सेलच्या धोक्याचे मूल्यमापन करावे लागते.

जेवणाबद्दल एवढेच, की तिखट मिसळ खाऊन लगेच फौंड्रीत जाऊ नये.

परत आल्यावर आम्ही एकाच कास्टिंगचे २५ नग मोजले. पकडण्याच्या जागेत पावणेदोन मिलिमीटरपर्यंत फरक निघाला. रोबोटचे कोटेशन तूर्त बाजूला ठेवले आहे, फौंड्रीला मोजमापांचा तक्ता पाठवला आहे आणि दोन लेथच्या वायरींभोवती सेन्सर बसवले आहेत.