पेटीचा आकडा आणि मावशीची खुडूक

मावशीने टोपलीतून पंचवीस अंडी काढून दिली. बारा माझ्या इन्क्युबेटरसाठी, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीसाठी, उरलेली तेरा तिच्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणाऱ्या कोंबडीखाली. कोंबडा एकच, अंडी त्याच आठवड्यातली. मी पेटी सुरू केली त्याच संध्याकाळी तिने कोंबडी बसवली. तिच्याकडे अकरा पिल्लं निघाली. माझ्याकडे एक निघालं, आणि दुसऱ्या दिवशी तेही गेलं.

कराडला घरामागे आमचं छोटंसं परस आहे. फेब्रुवारीच्या शेवटी एकदमच दोन उद्योग काढले: ट्रेमध्ये टोमॅटोचं बी आणि पेटीत अंडी. टोमॅटोबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बी चौथ्या-पाचव्या दिवशी उगवलं, पंचविसाव्या दिवशी नऊ रोपं वाफ्यात गेली. अडकलो ते अंड्यांत, आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

पेटी ऑनलाइन मागवलेली. आत पंखा, बाहेर लाल आकड्यांचा डिस्प्ले. माहितीपुस्तिका चार पानांची, त्यातली दोन 'उघडताना काळजी घ्या' यावर. मी डिस्प्लेवर ३७.७ अंश सेल्सिअस लावलं. पंख्याच्या पेटीला साडेसदतीसच्या आसपास हवं असतं, त्यामुळे निर्धास्त होतो. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. सकाळी, ऑफिसातून आल्यावर आणि झोपताना असं तीनदा फिरवायचो. खेपा विषम ठेवायच्या, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज त्याच कुशीवर जात नाही.

सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरून अंडी पाहिली. सात अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका. दोन अगदी कोरी. तिघांत लाल कडं दिसलं, बांगडीसारखं. मुलीला हाक मारून ते कौतुकाने दाखवलंही. ते कडं म्हणजे जीव धरून मेलेलं अंडं, हे मला महिनाभराने कळलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला टोच दिसली. घरात पेढे वाटायचे बाकी होते. कोंबडीचे दिवस एकवीस, आमचं पिल्लू एकोणिसाव्यालाच! हुशार निघालं, असं मी ऑफिसात सांगितलंसुद्धा. ते बाहेर आलं तेव्हा बेंबी ओली, उघडी होती आणि पायांत त्राण नव्हतं. विसावा, एकविसावा, बाविसावा दिवस गेला. बाकीची अकरा अंडी गप्प. तेविसाव्याला बादलीवर फोडली. सहांमध्ये पुरी वाढलेली, पिसं आलेली पिल्लं होती. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

मावशीला फोन करून मी म्हणालो, की अंड्यांतच काहीतरी दोष असणार. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "आरं, माझी अंडी वाईट व्हती, तर माझ्या कोंबडीनं ही अकरा कुठनं आणली? बाजारातनं?" आणि फोन ठेवला. आठ दिवस बोलली नाही.

पिल्लू वेळेआधी येणं हीच खूण होती. पेटी गार असेल तर पिल्लं उशिरा येतात, तापलेली असेल तर लवकर येतात, आणि कच्च्या बेंबीने येतात. हे वाचल्यावर ताप मोजायचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकून पेटीत अंड्यांच्या जागी आडवा ठेवला. पंधरा मिनिटांनी काढला तर ३९.२. डिस्प्लेवर त्याच वेळी ३७.७ शांतपणे चमकत होतं.

विकणाऱ्याला मेसेज केला. इथून पुढे अकरा दिवस.

पहिल्या दिवशी उत्तर आलं: 'सर, अंडी खराब असतील.' दुसऱ्या दिवशी टिकिट क्रमांक आला. तिसऱ्या दिवशी, व्हिडिओ पाठवा. पाठवला. उभा चालत नाही, मोबाईल आडवा धरून काढा. काढला. चौथ्या-पाचव्या दिवशी सुट्टी. सहाव्या दिवशी नवा माणूस, त्याने पुन्हा विचारलं, 'प्रॉब्लेम काय आहे सर?' सातव्या दिवशी कळलं की तापाचा थर्मामीटर हवेसाठी नसतो, एकदा चढलेला पारा उतरत नाही, म्हणून तो जास्त दाखवतो. खरं सांगायचं तर यात तथ्य होतं. हीटर चालू-बंद होताना क्षणभर जो उच्चांक येतो, तोच पारा धरून बसतो. मी वरमलो. मग औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, बूच घट्ट लावलं आणि ती पाच तास पेटीत ठेवली. पाणी अंड्यासारखंच हळू तापतं, क्षणाच्या उच्चांकाला भुलत नाही. बूच काढून लगेच थर्मामीटर घातला: ३९.०. डिस्प्ले ३७.७. त्याचाही व्हिडिओ काढला, आडवा.

आठव्या दिवशी उत्तर नाही. नवव्या दिवशी 'आमची टीम तपासत आहे'. दहाव्या दिवशी मी फोन लावला. सतरा मिनिटं संगीत ऐकलं आणि लाइन कट झाली. अकराव्या दिवशी दुपारी एक मेसेज आला, एका ओळीचा: 'सर, सेट बटण पाच सेकंद दाबून धरा, मेनूत करेक्शन येईल, फरक भरा.'

एवढंच. पाच सेकंद! डिस्प्लेचा आकडा दुरुस्त करायची सोय पेटीत पहिल्यापासून होती. पुस्तिकेत तिचा उल्लेख नाही आणि ग्राहकसेवेतल्या पहिल्या तिघांना ती माहीत नव्हती. मी १.३ भरलं. पाण्याची बाटली पुन्हा ठेवली, पाच तासांनी ३७.६. त्या रात्री मला इतका आनंद झाला की तो सांगायला जवळ कुणी जागं नव्हतं याचंच वाईट वाटलं.

तेव्हा नवी पेटी आली की अंडी घालायच्या आधी एक दिवस रिकामी चालवा आणि बाटलीची ही परीक्षा घ्या. डिस्प्ले हा फक्त एका तारेच्या टोकाचा आकडा असतो. ते टोक नीट बसलेलं नसलं तर अंडी शिजायला लागली तरी पेटीला पत्ता लागत नाही.

आठवलं म्हणून इथेच लिहितो: दुकानातली ट्रेमधली पांढरी अंडी पेटीत घालू नका. त्या फार्मात कोंबडा नसतो, त्यामुळे पिल्लू व्हायचा प्रश्नच नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी एकवीस दिवस घातली होती. गावरान अंडीसुद्धा आठवड्याच्या आतली घ्यावीत, फ्रिजमध्ये ठेवू नयेत, धुऊ नयेत.

एप्रिलच्या मध्यावर मावशीकडे गेलो. आधी चहा, मग चूक कबूल, मग बारा अंडी. तेराव्या दिवशी वळवाचा पाऊस आला आणि साडेचार तास वीज गेली. पेटी न उघडता वर दोन गोधड्या टाकल्या, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवली. एवढी वाढलेली अंडी स्वतःची थोडी ऊब धरतात, म्हणून घाबरून झाकण उघडू नये. अठराव्या दिवशी फिरवणं बंद केलं आणि पाण्याचे दोन्ही खण भरले. तोवर पेटीतल्या हवेची ओल पन्नास टक्क्यांच्या आसपास होती, शेवटचे तीन दिवस सत्तरच्या जवळ ठेवली. स्वयंपाकघरातला छोटा काटा असेल तर अंडं मधून मधून तोला. पंचेचाळीस ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी चाळीसच्या आसपास यावं. फारच कमी भरलं तर पेटी कोरडी आहे.

विसाव्या रात्री पहिली टोच. त्यानंतर एका पिल्लाने सोळा तास काही केलं नाही, नुसतं आतून चिवचिवत राहिलं. माझा हात सारखा झाकणाकडे जायचा. शेवटी बायकोने झाकणावर डाळीचा डबा ठेवला. बाविसाव्या सकाळपर्यंत आठ पिल्लं. पोटात बलक असतो, त्यामुळे दोन दिवस खायला नसलं तरी त्यांचं चालतं. सगळी वाळेपर्यंत आत राहू द्या. सातव्या दिवशी मानमोडीची लस, डोळ्यात एकेक थेंब, जनावरांच्या डॉक्टरांकडून.

टोमॅटोचं राहिलंच. पहिल्या खेपेची फोडलेली अंडी मी वाफ्यात पुरली होती, खत होईल म्हणून. वीतभर खोल. दुसऱ्या रात्री कुत्र्याने उकरली आणि तीन रोपं गेली. मावशीकडच्या ताज्या कोंबडखताने आणखी दोन जळाली. ते खत निदान तीन-चार महिने कुजवून मगच घालावं. उरली चार. बी 'अर्का रक्षक'चं होतं, बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं वाण. शेजारी पानं आकसून झाडं गेली, माझी तगली, याचा मला उगाच अभिमान आहे. एप्रिलच्या उन्हात फुलं गळत होती, हिरवी जाळी बांधल्यावर थांबली. पहिल्या फळांना बुडाशी काळे डाग आले, तेव्हा अंड्यांच्या कवचांची पूड घातली. काही झालं नाही, ती विरघळायला महिने लागतात. रोज ठरल्या वेळी पाणी द्यायला लागल्यावर पुढची फळं स्वच्छ आली. कवचं मात्र माझ्याकडे भरपूर आहेत.

जूनमध्ये पिल्लं वाफ्यात शिरली आणि लाल झालेली फळं बरोबर हेरून टोचली. जाळी आता खालून बांधली आहे.

परवा मावशीचा फोन आला. पावसात तिची एकही कोंबडी खुडूक बसेना. "तुझ्या त्या पेटीत माझी बारा घालतोस का?" मी हो म्हणालो. फक्त थर्मामीटर शोधायला हवा. मुलीला ताप आला होता त्या रात्री तो अंड्यांजवळ सापडला, आणि तेव्हापासून बायकोने कुठेतरी ठेवून दिलाय.