कॅथलिक ख्रिस्ती आहेत का? आधी पाणी बघा, मग शब्द

मुंबईत, त्यातही वांद्रे ते वसईच्या पट्ट्यात, "तुम्ही कॅथलिक की ख्रिश्चन?" असं लोक अगदी सहज विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं, पण प्रश्न "हापूस की आंबा?" अशा थाटाचा आहे. गोव्यात नेमकं उलट: कोकणीत नुसतं 'किरिस्तांव' म्हटलं की कॅथलिकच समजतात, प्रोटेस्टंट असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. अहिल्यानगरच्या बाजूला, जिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं, तिथे 'ख्रिस्ती' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे आधी प्रोटेस्टंट मंडळीच येते. ज्या भागात जो पंथ जास्त, त्याने तो शब्द आपल्याकडे ठेवून घेतला.

ही झाली बोलण्यातली सवय. पण "कॅथलिक हे ख्रिस्ती नाहीतच" असं शास्त्रवचनं काढून ठामपणे सांगणारेही आहेत, आणि त्यांना नुसतं अडाणी म्हणून चालणार नाही. त्यांच्या म्हणण्यामागे पाचशे वर्षांचा खरा वाद आहे. उत्तर मात्र आधीच सांगून टाकतो: कॅथलिक ख्रिस्ती आहेत. का, ते शब्दांवरून नाही, बाप्तिस्म्यावरून ठरतं.

तरीही शब्दांचं एक सांगण्यासारखं आहे. येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं, असं प्रेषितांच्या कृत्यांत ११:२६ मध्ये आहे. आणि 'कॅथलिक', म्हणजे सार्वत्रिक, हा शब्द ख्रिस्तसभेसाठी (चर्चसाठी) वापरलेला सगळ्यात जुना जो मजकूर आपल्या हाती आहे, तो दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला. लिहिणारे इग्नेशियस, अंत्युखियाचेच बिशप. दोन्ही शब्द एकाच गावचे. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जुनी ठरलेली कबुली, म्हणणारे प्रोटेस्टंटही दर वेळी 'एक, पवित्र, सार्वत्रिक, प्रेषितीय' मंडळीवर विश्वास असल्याचं म्हणतात. तिथला 'सार्वत्रिक' म्हणजे मूळ शब्द 'कॅथलिक'च.

आता बाप्तिस्मा. वसईच्या चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा बघितला असेल, तर डोळ्यांत भरतं ते वेगळंच काही: पांढरं झबलं, छातीला आणि टाळूला लावलेलं तेल, पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती, बाळाला धरून उभे असलेले धर्ममातापिता. यातलं काहीही नसलं तरी बाप्तिस्मा होतो. लागतात तीनच गोष्टी. खरं पाणी, आणि ते कातडीवरून वाहिलं पाहिजे. ओल्या अंगठ्याने कपाळावर क्रूस काढला तर ते पुरत नाही. दुसरं, पाणी ओतत असतानाच, ओतणाऱ्यानेच म्हणायचे शब्द: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." एकाने पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने शब्द म्हणायचे, हे चालत नाही. तिसरं, ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू. बाळ दगावण्याच्या बेतात असेल तर नर्सनेही दिलेला बाप्तिस्मा चालतो, मग ती नर्स स्वतः ख्रिस्ती नसली तरी, हेतू तेवढा तो हवा.

चुकतं ते बहुधा शब्दांत. 'पिता, पुत्र, पवित्र आत्मा' याऐवजी 'निर्माणकर्ता, तारणकर्ता, पवित्रकर्ता' म्हणून दिलेले बाप्तिस्मे रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य कार्यालयाने, २००८ साली अवैध ठरवले. 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हटलं तरी बाप्तिस्मा होत नाही, असं २०२० साली स्पष्ट केलं. त्यानंतर अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एका धर्मगुरूंनी वर्षानुवर्षे 'आम्ही' म्हटल्याचं उघड झालं, आणि तितक्या सगळ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला बोलवावं लागलं. मॉर्मन पंथ तर शब्द जवळपास तेच वापरतो, पण पिता-पुत्र-आत्मा याचा त्यांचा अर्थ त्रैक्याचा, म्हणजे एकाच देवातल्या तीन व्यक्तींचा, नाही. म्हणून त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च २००१ पासून मानत नाही. रोम इतकं काटेकोर असताना लुथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन यांनी दिलेला बाप्तिस्मा मात्र ते मानतं. अशी व्यक्ती कॅथलिक व्हायला आली तर तिच्यावर पुन्हा पाणी ओतत नाहीत. विश्वासाची कबुली, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद, एवढंच. पूर्वी 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' असं म्हणून सरसकट सशर्त बाप्तिस्मा देत असत. आता खरोखर शंका असेल तरच देतात.

याची मुळं फार जुनी आहेत. तिसऱ्या शतकात, २५५-२५६ च्या सुमारास, कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत होते की फुटीर पंथांचा बाप्तिस्मा खरा नाही, आणि रोमचे बिशप स्टीफन म्हणत होते की तो खरा आहे, पुन्हा देऊ नका. पश्चिमेत स्टीफन यांचं मत टिकलं. पुढे ऑगस्टिनने डोनॅटिस्टांशी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या एका फुटीर ख्रिस्ती गटाशी, भांडताना ते पक्कं केलं: बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. धर्मसुधारणेची सुरुवात करणाऱ्या लुथरवर चिडलेल्या, सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेनेही सातव्या बैठकीत हेच म्हटलं, की योग्य शब्दांनी व हेतूने दिलेला पाखंड्याचा बाप्तिस्माही खरा.

दुसऱ्या बाजूचं बघा. लुथरचा बाप्तिस्मा कॅथलिक, कॅल्व्हिनचाही कॅथलिक. दोघांनीही तो पुन्हा घेतला नाही. १५२५ साली झुरिकमध्ये पहिल्या ॲनाबॅप्टिस्टांनी प्रौढांना नव्याने बाप्तिस्मा द्यायला सुरुवात केली, तेव्हा लुथरने त्यांच्याविरुद्ध लिहिलं आणि पोपच्या अमलाखालीही खरा बाप्तिस्मा आणि खरं शास्त्र टिकून असल्याचं मान्य केलं. पोपला ख्रिस्तविरोधी म्हणणारा माणूस हे लिहितो आहे, हे लक्षात घ्या. कॅथलिक ख्रिस्ती नसतील, तर धर्मसुधारणेचे सगळे प्रणेते बाप्तिस्मा न झालेले ठरतात. कॅथलिकांना बाहेर काढू बघणाऱ्या प्रोटेस्टंटांना या प्रश्नाला तोंड द्यावंच लागतं.

अमेरिकेत एकदा असं तोंड द्यावं लागलं होतं. १८४५ साली तिथल्या ओल्ड स्कूल प्रेस्बिटेरियन महासभेने १६९ विरुद्ध ८ मतांनी ठराव केला की रोमचा बाप्तिस्मा अवैध आहे. त्या काळात आयर्लंडहून कॅथलिक मोठ्या संख्येने येत होते आणि आदल्याच वर्षी फिलाडेल्फियात दंगली झाल्या होत्या. वातावरण तापलेलं होतं. विरोधात उभे राहिले प्रिन्स्टनचे प्रेस्बिटेरियन धर्मपंडित चार्ल्स हॉज. ते कॅथलिक शिकवणुकीचे कडक टीकाकार, पण म्हणाले की पाणी आहे, त्रैक्याचं नाव आहे, हेतू आहे, मग आणखी काय हवं? मतदानात त्यांची बाजू हरली. युक्तिवाद मात्र त्यांचाच भक्कम होता, असं मला वाटतं.

मग मतभेद नेमका कशावर? मारिया, मूर्ती, पोप हे सगळं येतंच, पण गाभा आहे तारणाचा. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो? लुथरचं उत्तर: केवळ विश्वासाने. रोमकरांस पत्र ३:२८ च्या आपल्या जर्मन भाषांतरात त्याने 'केवळ' हा शब्द स्वतः घातला. कॅथलिक याकोबाच्या पत्राकडे बोट दाखवतात, २:२४, जिथे 'केवळ विश्वासाने नव्हे' असे शब्दच आहेत. ट्रेंटने १५४७ च्या जानेवारीत सहाव्या बैठकीत 'केवळ विश्वासाने' या मताला शाप जाहीर केला, तो नववा कॅनन (नियम). कडव्या टीकाकारांचा मार्ग इथून निघतो: गलतीकरांस पत्र १:८ मध्ये पौल दुसरी सुवार्ता सांगणाऱ्याला शापित म्हणतो, रोमने खरी सुवार्ताच शापित ठरवली, म्हणून रोमची सुवार्ता दुसरी, म्हणून कॅथलिक ख्रिस्ती नाहीत.

तर्क सुसंगत दिसतो. पण त्याच बैठकीचा पहिला कॅनन ही मंडळी क्वचितच वाचून दाखवतात. तो म्हणतो की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल, तो शापित. म्हणजे 'कॅथलिक कर्मांनी तारण कमावतात' हा आरोप ट्रेंटने स्वतःच पहिल्या कॅननमध्ये फेटाळला आहे. खरा वाद त्याहून बारीक आहे: कृपा माणसाला आतून बदलते आणि त्या बदलातून त्याला नीतिमान करते, की ख्रिस्ताचं नीतिमत्त्व बाहेरून त्याच्या खाती जमा होतं? हा फरक गंभीर आहे, तो झाकू नये. पण ख्रिस्त नको म्हणणाऱ्यांमधला हा वाद नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघाने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि मूलभूत सत्यांवर एकमत असल्याचं, सोळाव्या शतकातले शाप आजच्या एकमेकांच्या शिकवणुकीला लागू होत नसल्याचं म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळे लुथरन मात्र सामील नाहीत. अमेरिकेतल्या मिसुरी सिनॉडने ते घोषणापत्र नाकारलं.

मारियेबद्दल थोडक्यात. कॅथलिक शिकवण पूजा फक्त देवाची मानते. संतांना मान आणि विनंती. 'नमो मरिया' प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला, वचनं २८ आणि ४२. दुसऱ्या अर्ध्यात मागणी एकच, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. कागदावर हे स्वच्छ आहे. पण सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माऊलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, बाळ वाहिले जातात, ते बघून एखाद्या बॅप्टिस्ट माणसाला मूर्तिपूजा आठवली तर त्याला दोष देता येत नाही. शिकवण आणि लोकाचार यांत अंतर पडतं, आणि ते कमी ठेवणं हे धर्मगुरूंचं काम आहे. त्यात आज्ञांची मोजणी वेगळी: कॅथलिक आणि लुथरन मूर्तीची मनाई पहिल्या आज्ञेतच धरतात आणि शेवटी लोभाच्या दोन आज्ञा करतात; बाकीचे बहुतेक प्रोटेस्टंट मूर्तीची दुसरी आज्ञा वेगळी मोजतात. 'कॅथलिकांनी दुसरी आज्ञाच काढून टाकली' हा आरोप यातूनच येतो. बायबलच्या ७३ आणि ६६ पुस्तकांचा फरकही असाच, जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा. नव्या करारातली २७ दोघांचीही तीच.

आणखी एक कारण आहे, आणि आज हिंदुस्तानात तेच जास्त ऐकू येतं. अनेक पेंटेकॉस्टल आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांत ख्रिस्ती म्हणजे जो स्वतः पश्चात्ताप करून, समजून उमजून नव्याने जन्मला तो. बाळपणी पाणी ओतलेला माणूस त्यांच्या लेखी अजून ख्रिस्ती झालेलाच नाही. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते: त्यांच्या मोजपट्टीने सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या) घरात वाढलेलं, बाळपणी बाप्तिस्मा झालेलं मूलही बाहेरच राहतं. म्हणजे हा नकार खास कॅथलिकांसाठी नाही, तर ख्रिस्ती कोण याची व्याख्याच निराळी आहे. त्यांच्याशी बोलताना पोप आणि मूर्ती यांवर तासभर घालवण्यापेक्षा आधी हा मुद्दा काढावा.

उलट बाजूनेही दुखावणं होतं. प्रोटेस्टंट पाहुणा मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जातो, रांगेत उभा राहतो, आणि त्याला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. 'हे आम्हाला ख्रिस्ती मानतच नाहीत' असं त्याला वाटणं साहजिक आहे. पण नकाराचं कारण ते नाही. भाकर आणि द्राक्षरस खरोखर ख्रिस्ताचं शरीर व रक्त होतात, ही समजूत आणि बिशपांशी असलेली एकता यांची ती खूण आहे. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन ८४४ नुसार मरणाच्या दारात, स्वतःचा पाळक मिळत नसेल, स्वतःहून मागत असेल आणि या प्रसादाबद्दल कॅथलिक श्रद्धा बाळगत असेल, तर प्रोटेस्टंटालाही तो देता येतो. ख्रिस्ती न मानलेल्या माणसासाठी असा नियम कुणी कशाला लिहील?

सगळ्यात स्वच्छ दिसतं ते लग्नाच्या वेळी. कॅथलिक मुलीचं मेथडिस्ट मुलाशी ठरलं तर धर्मकायद्यात तो मिश्र विवाह, आणि बिशपांच्या कार्यालयाची परवानगी पुरते. तेच मुलगा हिंदू असेल तर परवानगी पुरत नाही. तिथे अडसरच असतो आणि त्यातून सूट मागावी लागते, ती न घेता लावलेलं लग्न चर्चच्या लेखी अवैध. म्हणून पॅरिशमध्ये पहिल्यांदा मागतात तो मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला. मेथडिस्ट मुलाने तो आपल्या पाळकाकडून वेळेत आणून ठेवावा, आणि दाखल्यावर नुसती तारीख नको. पाणी आणि त्रैक्याचं नाव वापरल्याचं लिहून मिळालं तर पुढची बरीच धावपळ वाचते. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असला की त्यांचं लग्न कॅथलिक चर्च साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, मानतं, नवरा मेथडिस्टच राहिला तरी.