एक घर वर

१२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस. कॉलेजात त्याची दखल म्हणजे एक हार, एक फोटो आणि वार्षिक अहवालात दोन ओळी. २०२४ साली तो सोमवारी आला, तोही श्रावणातला. निम्मे प्राध्यापक उपाशी आणि सगळ्यांचा डोळा घड्याळावर. मी म्हटलं, यंदा हार-बीर नको, मुलांना खेळ लावून देऊ. तोच खेळ अंगाशी आला.

आमचं कॉलेज सिंधुदुर्गातलं, समुद्रापासून चालत वीस मिनिटांवर. ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून कपाटं, मी आणि परिचर मामा. जुलैत कपाटांच्या पाठी ओल धरते आणि पुस्तकं अशी फुगतात की एक ओढलं की तीन येतात. संगणकीकरणाचा विषय दर वर्षी निघतो. कोहा नावाची प्रणाली फुकट मिळते. ती न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाली आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण ही भेट ठेवायला सर्व्हर लागतो आणि सर्व्हर सांभाळायला माणूस. मामांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, “कोहा? माका वाटला कोहाळो.” त्या वर्षीही विषय तिथेच मिटला.

मग मी ॲक्सेशन रजिस्टरवरून, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यात नोंदतात त्या वहीवरून, गूगल शीट भरायला घेतली. दाखल क्रमांक, नाव, लेखक, वर्गांक, कपाट-फळी. दीड वर्ष लागलं. शीटची लिंक ग्रंथालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपची कथा थोडक्यात सांगते: फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं केलं तेव्हा कुणी वाचेना, सगळ्यांना मोकळीक दिली तर सकाळी चाळीस गुलाबाची फुलं. शीटही कुणी उघडेना. एका मुलाने कारण सांगितलं, “मॅडम, ६३९ म्हणजे काय ते आमका काय म्हायत?”

खरं होतं त्याचं. ड्यूईची दशांश पद्धत, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची रीत, १८७६ सालची. तिच्यात ६३९ म्हणजे मासेमारी, ६३४.४४ म्हणजे आंबा, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. हे मला पाठ, कारण मला त्याचा पगार मिळतो. मासेमारीचं पुस्तक हवं असलेला मुलगा ‘म्हावरा’ म्हणतो. ग्रंथालयशास्त्राच्या उजळणी वर्गात आम्हाला फोकसॉनॉमी शिकवली होती: वाचकांनी स्वतःच्या शब्दांत लावलेल्या खुणा, त्यातून आपोआप उभं राहणारं वर्गीकरण. २००४ साली थॉमस व्हँडर वाल यांनी हे नाव दिलं. तेव्हा वहीत उतरवून घेतलं होतं, आता म्हटलं करून बघू. शीटमध्ये एक रकाना वाढवला. त्याला ‘आमचो शब्द’ हे नाव मुलांनीच दिलं. लिंक असेल त्याने लिहावं, लॉगिनची अट नाही.

चार महिन्यांत सहाशेच्या वर पुस्तकांना शब्द लागले. ‘म्हावरा’ तर आलाच. ‘आजीची औषधा’ आलं, ‘आवशीक सांगू नको’ आलं (म्हणजे आईला सांगू नको; ते एका अगदी सोज्ज्वळ कादंबरीला, का ते कळलं नाही). ‘सरांच्या नोटी हय आसत’ हा शब्द एका सरांना बराच झोंबला. मी काहीच पुसलं नाही. मला मजा येत होती, आणि देवघेवीच्या वहीत कधी नव्हे ती गर्दी होती.

खेळ असा होता. शुक्रवारी मी ‘आमचो शब्द’ रकान्यातले तीस शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले आणि अख्ख्या शीटची छापील प्रत काढून दाराशी टांगली. जोडीने चिठ्ठी उचलायची, यादीत शब्द शोधायचा, कपाट-फळी बघून पुस्तक आणायचं. सोमवारी सकाळपासून पाऊस धो धो, नवाच्या सुमारास लाईट गेली. मला वाटलं, बरं झालं कागदावर काढलं ते.

पहिली जोडी ‘म्हावरा’ची चिठ्ठी घेऊन गेली आणि सांख्यिकीचं पाठ्यपुस्तक घेऊन आली. हसलो. दुसरी ‘आजीची औषधा’ घेऊन करार कायदा घेऊन आली. प्राचार्य म्हणाले, “वा, विनोदबुद्धी आहे मुलांना.” तिसरीने ‘रडाक येता’ म्हणून कॉस्ट अकाउंटिंग आणलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पाचव्या-सहाव्या जोडीला मामा माझ्या कानाशी आले. “मॅडम, कायतरी घोळ आसा. आजीची औषधा त्या हिरव्या पुस्तकाक होता. मी स्वतः काढून दिलंय.”

पोटात गोळा आला. मी ॲक्सेशन रजिस्टर उघडलं. करार कायद्याच्या लगेच खाली, पुढच्याच दाखल क्रमांकावर, वनौषधींचं हिरवं पुस्तक. सांख्यिकीच्या खाली मत्स्यपालन. शब्दांचा सगळा रकाना एक घर वर सरकला होता. कुणीतरी नुसता शब्द पुसण्याऐवजी घरच काढून टाकलं होतं, आणि खालचं सगळं वर चढलं होतं. दाखल क्रमांक पुस्तकं आली त्या क्रमाने पडतात. त्यामुळे एकाच बिलात आलेल्या कायद्याचा आणि झाडपाल्याचा शेजार असतो. एका घराची चूक, आणि म्हावऱ्याच्या ठिकाणी सांख्यिकी.

वर्गांक चुकला असता तर मला लांबून दिसला असता. कॉस्ट अकाउंटिंगला ८९१.४६ लावलं तर कुठलाही ग्रंथपाल झोपेतून उठेल. पण ‘रडाक येता’? ते कॉस्ट अकाउंटिंगला शोभूनच दिसतं. मोकळ्या शब्दाची ही गोम माझ्या लक्षातच आली नव्हती: तो चुकीच्या जागी गेला तरी चुकीचा दिसत नाही, लोक त्याला विनोद समजतात. शब्द बरोबर कुठला, हे फक्त ज्याने लावला त्यालाच माहीत.

घसरण कुठून सुरू झाली ते शोधायचं होतं. कॉम्प्युटर बंद, इन्व्हर्टर फक्त ऑफिसला. फोनवर शीट उघडत होती, पण जुन्या आवृत्त्या काही मला तिथे सापडेनात. मोबाईलला दोन दांड्या होत्या. ग्रुपवर टाकलं: ‘खालचे शब्द कोणी लावले? कुठल्या पुस्तकाला? कृपया खरं सांगा, कोणी रागावणार नाही.’ यादीच्या सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे बारा शब्द.

जो ग्रुप परिपत्रकाला एक अंगठा दाखवत नाही, तो पाच मिनिटांत पेटला. नुसतं पुस्तकाचं नाव कुणी सांगेना, कारणासकट सांगत होते. ‘रडाक येता’ होतं कवितांच्या एका पातळ पुस्तकाला. लावणारा कॉमर्सचा, बाकावर शेवटचा बसणारा. छापील यादीत ‘बाबा’ हा शब्द एका स्पर्धापरीक्षेच्या मार्गदर्शकासमोर होता आणि मी इतके दिवस त्याचा अर्थ ‘बाबांनी घ्यायला लावलं’ असा घेत होते. तो शब्द होता डिझेल इंजिन दुरुस्तीच्या पुस्तकाला, ६२१.४३६. लावणारी दुसऱ्या वर्ष कलाची मुलगी. तिने लिहिलं, ‘बाबा होड्यांची इंजिना करतत. त्यातली चित्रा त्यांका दाखवलंय.’ तिच्या नावावर ते पुस्तक तीनदा गेलेलं मला वहीत दिसत होतं. मी समजले होते की भावासाठी नेते.

मामा रजिस्टर धरून बसले, मी छापील यादी. मधला शब्द चुकला असेल तर वरचा अर्धा भाग बघायचा, बरोबर असेल तर खालचा. आठ-दहा हिसक्यांत आम्ही ११८० आणि ११९० च्या मधे येऊन अडकलो. तोवर प्राचार्यांनी ‘उपक्रम स्तुत्य’ असं म्हणून उपासाच्या खिचडीकडे प्रस्थान ठेवलं होतं. बक्षिसं सगळ्यांनाच दिली. पेनं होती, उरली असती.

लाईट दीडला आली. कॉम्प्युटरवर शीटचा इतिहास उघडला. बदल गुरुवारी दुपारचा होता, लॉगिन न केलेल्या कुणाचा तरी. म्हणजे कोण ते कळणार नाही, आणि लॉगिन नको हा हट्ट माझाच. जुनी आवृत्ती परत आणली असती तर नंतर लावलेले पन्नासेक शब्द गेले असते, म्हणून ११८४ ला नुसतं एक रिकामं घर घुसवलं. रकाना खाली उतरला. पाच सेकंदांचं काम. मग आदल्या आवृत्तीत ११८४ ला काय होतं ते बघितलं. कुणीतरी लिहिलेलं होतं: ‘पान ११७ ते १२० फाटली हत’.

मला घाम फुटला. शब्द पुसणारा म्हणजे फाडणारा, असंच डोक्यात आलं. मामांना म्हटलं, ते पुस्तक काढा.

ते फळीत घट्ट बसलं होतं, शेजारची दोन घेऊनच आलं. उघडलं तर ११६ च्या पुढची पानं जागेवर होती. कडेला पांढरी, सुकलेली खळ, बोट लावलं तर अजून किंचित चिकट. मामांनी वास घेतला. “भाताची पेज,” म्हणाले.

पानं फक्त उलटी लागली होती: आधी ११९-१२०, मग ११७-११८.